पाण्याची ओळ

मुलांकडून कविता लिहून घ्यायची कल्पना ज्याच्या डोक्यात आली, त्याला कृपा करून माझ्यासमोर आणू नका.

मी दुभाषी आहे. निर्वासितांच्या केंद्रात आमच्या भाषेतलं इथल्या भाषेत आणि इथल्या भाषेतलं आमच्या भाषेत करायचं, एवढंच माझं काम. समोरची बाई म्हणाली, "माझा नवरा नेला," की आपणही अधिकाऱ्याला सांगायचं, "माझा नवरा नेला." 'ही म्हणतेय की हिचा नवरा नेला' असं म्हणायची सोय नाही. मधे आपण यायचंच नाही. त्यामुळे या नोकरीत मी इतक्यांदा विधवा झालेय आणि माझी इतकी घरं जळून गेलीत, की संध्याकाळी घरी गेल्यावर नवऱ्यानं "आज भाजी काय?" असं विचारलं की क्षणभर नवल वाटतं, अरे, हा आहे अजून!

केंद्र म्हणजे फर्निचरचं जुनं गोदाम. आत प्लायवूडच्या भिंती घालून खोल्या पाडल्यात. भिंती छतापर्यंत पोचत नाहीत, त्यामुळे एका टोकाचं बाळ रडायला लागलं की दुसऱ्या टोकाची आई झोपेतच आपल्या पोराला थोपटायला लागते. प्रत्येक खोलीत दोन पलंग, एक लोखंडी कपाट आणि दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेले नियम. नियम सगळे इथल्या भाषेत. कुणालाच वाचता येत नसल्यामुळे कुणी मोडतही नाही.

या केंद्रात एक पोर होती. नऊ वर्षांची. एका जागी पाय ठरायचा नाही म्हणून मीच तिला भिंगरी म्हणायला लागले आणि सगळ्यांनी ते नाव उचललं. सकाळी स्वयंपाकघरात, दुपारी कपडे धुण्याच्या खोलीत आईच्या मागे मागे, मधेच फाटकावरच्या पहारेकऱ्याशी गप्पा. तिची आई धुण्याच्या मशिनांवर कामाला होती. दिवसभर ओल्या चादरींचे बोळे उचलून उचलून तिची बोटं पांढरी पडलेली असायची. मला ताई म्हणायची. पोर मला मावशी म्हणायची, आणि आईनं कितीही डोळे वटारले तरी अरेतुरे करायची.

आता एक गोष्ट सांगायलाच हवी. आमच्या लोकांत दोन भाग आहेत, डोंगराकडचे आणि नदीकाठचे. भाषा एकच, हेल वेगळा. मारामाऱ्या दोन्हीकडे झाल्या. पण इथल्या निर्वासित खात्याच्या नकाशात डोंगर लाल आहे आणि नदीकाठ हिरवा. लाल भागातल्या माणसाला राहू देतात. हिरव्या भागातल्याला 'तुमच्याकडे आता शांतता आहे' असं सांगून परत पाठवतात. भिंगरीच्या वडिलांना नेलं ते नदीकाठ हिरवा झाल्यानंतर. होडी बांधत होते, दोघं जण आले, नाव विचारलं आणि गाडीत घातलं. त्यानंतर ते जिवंत आहेत की नाहीत, कुणालाच माहीत नाही. आता हे खरं सांगितलं असतं तर खात्यानं नकाशा दाखवला असता. म्हणून आईनं अर्जात सांगितलं की आम्ही डोंगराकडचे.

मुलाखतीला मीच बसले होते. तिनं तोंड उघडलं आणि दुसऱ्या वाक्याला मला कळलं की या बाईनं जन्मात डोंगर चढलेला नाही. समोर अर्जांचा निर्णय करणारा अधिकारी होता. जाड चष्मा, हळू आवाज. आमच्यात त्याला सगळे चष्मेवाला म्हणायचे. त्याला आमचा हेल काय कळणार! ती म्हणाली, "आमचं गाव डोंगरात आहे." मी म्हटलं, "आमचं गाव डोंगरात आहे." बाकी मी मूग गिळले.

पोरीला यातलं काही ठाऊक नव्हतं. इतक्या लहान मुलांना मुलाखतीला बोलावत नाहीत. "आणि तिला सांगून काय करू?" आई मला म्हणाली होती. "तिच्या पोटात काही राहतं का? वाटेत तपासणीवाल्यानं तिचं नाव विचारलं, तर ही घरातल्या कोंबड्यांची नावं सांगून मोकळी झाली."

तर अशात केंद्रात कवितेच्या बाई आल्या. कुठल्याशा संस्थेच्या, तरुण, गळ्यात लोकरी मफलर, पिशवीत रंगीत पेन्सिली. मुलांनी आपापल्या मातृभाषेत कविता लिहायच्या, मी त्यांचं भाषांतर करायचं, मग पाहुण्यांसमोर एक कार्यक्रम आणि शेवटी सगळ्या कवितांचं पुस्तक. बाई मनानं वाईट नव्हत्या, हे मी आजही सांगेन. मुलांच्या शेजारी जमिनीवर बसायच्या, कळत नसलेली अक्षरं तासन्‌तास बघत राहायच्या. एकदा मला म्हणाल्या, "मुलांची भाषा गेली तर सगळं गेलं." मी म्हटलं, "भाषा जात नाही हो. घर जातं." त्यांनी ते लिहून घेतलं. मला ते सुचलं म्हणून नाही, राग आला म्हणून म्हटलं होतं.

मुलांनी मात्र लिहिलं. पहिले दोन दिवस फुलं आणि सूर्य झाले, मग खरं यायला लागलं. एका मुलानं लिहिलं की पळताना माझी एक चप्पल चिखलात राहिली, मी वाढलो तशी तीही वाढली असेल का? दुसरीनं नुसती दारांची यादी केली, आजीचं दार, शाळेचं दार, दुकानाचं दार, आणि शेवटी लिहिलं, किल्ली आईकडे आहे. भाषांतर करताना मला दोनदा उठून तोंड धुऊन यावं लागलं. मग भिंगरीचा कागद हातात आला.

तिनं लिहिलं होतं:

आमच्या अंगणात एक खाट आहे.
तिच्यावर कुणी झोपत नाही.
तिच्या सावलीत कोंबड्या बसतात.
बाबा, तुम्ही आलात की आधी त्यांना हुसकू नका.
त्या तुमची जागा राखतायत.
मी नदीचं पाणी प्यायलेली, नावाड्याची नात.

शेवटची ओळ मी पुन्हा एकदा वाचली.

आमच्या भाषेत कवितेची शेवटची ओळ ही पाण्याची ओळ असते. कविता करणाऱ्यानं आपण कुठलं पाणी प्यायलो आणि कुणाच्या घरचे, ते तिथं सांगायचं. नाव सांगत नाहीत. एका नावाची माणसं गावोगाव असतात. पाणी आणि घरचा धंदा कळला की ऐकणारा ओळखतो, ही अमक्याची. पाणी न लावलेली कविता आमच्याकडे बेवारस समजतात, आणि खोटं पाणी लावणाऱ्याला चारचौघांत कुणी पुन्हा कविता म्हणू देत नाही. आमच्या पोरांना हे कुणी शिकवावं लागत नाही. गाणं म्हणता म्हणता येतं. भिंगरीच्या आजोबांनी तर तिला मांडीवर घेऊन शेकडो कविता ऐकवल्या असणार. ते मागेच राहिले होते, चालवत नव्हतं म्हणून.

मी तडक कवितेच्या बाईंकडे गेले. "ही एक वगळू या."

"ही? अहो, सगळ्यांत चांगली हीच आहे!"

"फार दुःखी आहे."

"दुःखी तर सगळ्याच आहेत," बाई म्हणाल्या. "आणि कार्यक्रमाला खात्याचे लोकही येणार आहेत. त्यांनी हीच ऐकायला हवी."

खात्याचे कोण, ते विचारायची गरज नव्हती. चष्मेवाल्याच्या टेबलावर या मायलेकींची फाईल होती आणि निर्णय आता कधीही येणार होता. बाईंना कारण सांगावं तर आईचं बिंग फुटतं. न सांगावं तर पोर स्वतःच्या तोंडानं फोडणार. मी धुण्याच्या खोलीत गेले आणि मशिनांच्या आवाजात आईला सगळं सांगितलं. तिनं हातातली चादर खाली ठेवली नाही, तशीच उराशी धरून उभी राहिली. पाणी तिच्या पोटावरून खाली गळत होतं.

मग आम्ही दोघींनी पोरीला गाठलं. आई गोड आवाजात म्हणाली, "या खेपेला झऱ्याचं पाणी म्हण की. ऐकायला छान वाटतं."

भिंगरीनं आईकडे असं बघितलं, जणू आईला ताप आलाय. "पण आपण झऱ्याचं कुठं प्यायलो?"

"मग पाण्याची ओळ म्हणूच नकोस. पाच ओळी पुरे."

"आणि बाबांना कसं कळणार माझी आहे ते?" ती म्हणाली. "बाई म्हणाल्यात पुस्तक सगळीकडे जाणार. बाबांना कुणी वाचून दाखवलं तर? ते म्हणतील, असेल कुणाची तरी पोर."

पोर गिरकी घेऊन पळून गेली, आणि आईनं माझा हात धरला. तिची ओली बोटं माझ्या मनगटात रुतली. "ताई, तिला नदी म्हणू दे. आपल्या भाषेत म्हणेल, कुणाला कळतंय? आपली माणसं आपलं तोंड उघडणार नाहीत. इथल्या भाषेत तुम्ही सांगणार. तुम्ही झरा म्हणा."

नोकरीला लागताना एक शब्द घालणार नाही, एक गाळणार नाही अशी शपथ घेतात. मी हात वर करून घेतली होती. पण शपथ घ्यायला लावणाऱ्यांच्या घरातलं माणूस होडी बांधताना कुणी नेलेलं नव्हतं. मी म्हटलं, "झरा म्हणते. आणि नावाड्याचा मेंढपाळ करते."

आम्ही पाहुण्यांचा विचार केला, चष्मेवाल्याचा केला, आमच्या लोकांच्या तोंडाचाही केला. पोरीचा केलाच नाही. स्वयंपाकीणबाईंशी ती दिवसभर इथल्या भाषेत चुरूचुरू बोलते, त्यांच्याकडून अक्षरंही शिकते, पहारेकऱ्याची नक्कल करून आम्हाला हसवते, हे रोज बघत होतो. तरी आमच्या लेखी ती अजून आमच्याच भाषेत राहत होती. मोठ्यांना दुभाषा लागतो म्हणून तिलाही लागतो, असं धरून चाललो.

कार्यक्रम जेवणाच्या खोलीत झाला. टेबलं भिंतीला लावली होती, मधे खुर्च्या, आणि वर कपडे वाळत घालायची दोरी बांधून तिला चिमट्यांनी कविता टांगल्या होत्या. पाहुणे मान वर करून न कळणारी अक्षरं बघत होते आणि बिस्किटं खात होते. चष्मेवाला पहिल्या रांगेत, मांडीवर हात ठेवून. आमची माणसं मागे भिंतीला टेकून. आई दारापाशी होती, कामाचा कोटही न काढता.

भिंगरी माईकपाशी गेली. एरवी वळवळणारी पोर हात मागे बांधून अगदी सरळ उभी राहिली आणि आजोबांनी शिकवलेल्या चालीत कविता म्हणाली. पाण्याची ओळ तिनं मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून म्हटली. लांबवर ऐकू जावी अशी. मागच्या भिंतीशी दोघी-तिघींनी पदर तोंडाला लावले.

मग मी भाषांतर वाचलं. खाट वाचली, कोंबड्या वाचल्या. आवाज न हलवता शेवटचं वाचलं, "मी झऱ्याचं पाणी प्यायलेली, मेंढपाळाची नात."

"मावशी, चुकलं," भिंगरी म्हणाली. माईकमध्ये. इथल्या भाषेत.

मी हसून कागद घडी घालायला लागले. तिनं माझा कोपर धरला. "झरा नाही. नदी. आणि मेंढपाळ नाही, नावाडी! आमच्याकडे एक पण मेंढी नव्हती."

सगळी खोली हसली. प्रेमानं हसली, ते जास्त वाईट. कुणीतरी टाळ्या सुरू केल्या, मग सगळ्यांनीच वाजवल्या. कवितेच्या बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. इतक्या लवकर भाषा शिकली पोर! भिंगरीचा चेहरा फुलला. तिनं माझा कागद ओढून घेतला, पेन्सिलीनं दोन्ही शब्द खोडले, वर बरोबर शब्द लिहिले आणि कागद बाईंच्या हातात दिला. पुस्तकात जायचा होता ना.

चष्मेवाल्यानं टाळी वाजवली नाही. तो मान वळवून खुर्च्यांवरून मागे बघत होता. दारापाशी आता कुणी नव्हतं.

चहाच्या वेळी तो माझ्याजवळ आला. "तुमच्या भाषेत झरा आणि नदी यांना एकच शब्द आहे का?" त्यानं हळूच विचारलं.

"जवळजवळ," मी म्हटलं.

"आणि मेंढपाळ आणि नावाडी?"

त्यानं कप खाली ठेवला. "मी खरंच कविता ऐकायला आलो होतो," तो म्हणाला. "पण ऐकलेलं न ऐकल्यासारखं मला करता येत नाही." त्याचा आवाज खरोखरच दुःखी होता, आणि त्या क्षणी तो मला जितका नकोसा झाला तितका आयुष्यात कुणी झाला नसेल. दुष्ट माणसावर निदान ओरडता तरी येतं.

पुढचं सरळ झालं. माझं कामाचं कार्ड फाटकावर काढून घेतलं. दुभाष्यानं मुद्दाम चुकीचं सांगितलं, चौकशी होईल, तोवर घरी बसा. मी काही माफी मागितली नाही. आईला पुन्हा मुलाखतीला बोलावलं, फोनवरचा दुसरा दुभाषा लावून. या वेळी पोरीलाही. आईनं आदल्या दिवशी तिला सगळं सांगितलं. सांगावंच लागलं. आणि ज्या पोरीच्या पोटात काही राहत नव्हतं ती चष्मेवाल्यासमोर बसून म्हणाली, मी खोटी कविता लिहिली, आम्ही झऱ्याचंच पाणी प्यायलो. तिला म्हणे झऱ्याबद्दल विचारलं. कुठून येतो, पाणी कसं भरता. तिनं झरा कधी बघितलेलाच नव्हता. ती नदीवरचं सांगत राहिली आणि दर वेळी नदीच्या जागी झरा म्हणत राहिली. झऱ्यात होडी घातली, तेव्हा त्यांनी थांबवलं.

हे मला आईनं नंतर सांगितलं, मी पाहुणी म्हणून भेटायला गेले तेव्हा. भेटायची खोली फाटकाला लागून आहे; तीन टेबलं, जमिनीला स्क्रूनं पक्क्या केलेल्या खुर्च्या. इतकी वर्षं त्या केंद्रात वावरले, पण या खोलीत खुर्चीवर बसायची वेळ कधी आली नव्हती. आईच्या हातात खात्याचा लिफाफा होता. आदल्या दिवशी आला होता. फोनवरचा दुभाषा सोमवारशिवाय मिळणार नव्हता, म्हणून तिनं तो उशाखाली ठेवला होता.

"वाचा ताई," ती म्हणाली.

भिंगरी टेबलाशी उभी होती. उभीच होती, हलत नव्हती. ही पोर इतका वेळ एका जागी उभी राहिलेली मी कधी पाहिली नव्हती.

मी लिफाफा फोडला. पहिल्या ओळीतच कळलं. अर्ज नामंजूर. खाली कारणं होती, आणि चौथ्या कारणाशी माझी नजर अडकली. तेवढं एक मी वाचणार नव्हते. कारणं तीनच आहेत, असं सांगायचं ठरवलं. मी घसा साफ केला.

"दे मावशी, मी वाचते," भिंगरी म्हणाली.

"अगं, कठीण भाषा असते ती. मी वाचते ना."

"नको." तिनं हात पुढे केला. रागानं नाही, अगदी समजुतीनं. "तू बदलतेस."

आईनं माझ्याकडे बघितलं नाही. मी कागद धरून ठेवू शकले असते. माझी बोटं सुटली.

तिनं कागद टेबलावर सपाट केला, बोट ठेवलं आणि वाचायला लागली. एक ओळ इथल्या भाषेत मनात, मग तीच आमच्या भाषेत मोठ्यानं. अर्ज नामंजूर करण्यात येत आहे. अडली की थांबायची, ओठ हलवायची, मग बरोबर शब्द शोधून काढायची. अर्जदाराचा भाग सुरक्षित आहे. अर्जदारानं गावाविषयी दिलेली माहिती खोटी आढळली. दोन मुलाखतींतली उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. मग चौथं कारण आलं.

"अर्जदाराच्या मुलीनं," ती म्हणाली आणि थांबली. बोट पुढे सरकून परत मागे आलं. "अर्जदाराच्या मुलीनं सर्वांसमोर, कुणीही न विचारता, स्वतः सांगितलं, की कुटुंब नदीकाठचं आहे. ते... ते विश्वास ठेवण्यासारखं आहे. नंतर तिनं जे सांगितलं, ते तिला शिकवलेलं आहे."

आई म्हणाली, "पुरे, बाळा."

"अजून आहे," भिंगरी म्हणाली. खाली परत पाठवायची तारीख होती, कुठल्या गाडीनं, सामान किती. तिनं तेही सगळं वाचलं. मग कागद माझ्याकडे वळवला आणि बोट चौथ्या कारणावर ठेवलं.

"बरोबर सांगितलं ना मी?"

मी दुभाषी आहे. मला इतर काही येत नाही. मी म्हटलं, "बरोबर सांगितलंस."